ओट्याचं माप

स्वयंपाकघर कारागिराशिवाय, स्वतःच्या हाताने नवं करायचं, असं आमच्या संदेशने ठरवलं. घोडबंदर रोडची दुकानं पालथी घालून त्याने काळा ग्रॅनाइट, टाइल्स, ट्रॉल्या, सगळं आपल्याच पसंतीने उचललं.

"अरे, बायकोला एकदा विचार. तिथे रोज उभी तीच राहते," मी म्हटलं.

"आई, योगिनीला मटेरियलमधलं काय कळतं? मी सगळे व्हिडिओ बघितलेत."

योगिनी तिथेच लसूण सोलत होती. ओट्याची उंची ठरवायच्या दिवशी मात्र तिने आपणहून पेन्सिल घेतली. "तू ताठ उभा राहा," म्हणाली आणि त्याच्या कोपराशी भिंतीवर खूण केली. संदेश ताडमाड उंच, ती त्याच्या खांद्याखाली. मी बघितलं आणि गप्प बसले.

ओटा छान झाला, योगिनीच्या थेट छातीपर्यंत आला. बघायला पाहुणे जमले तेव्हा संदेश ऐटीत म्हणाला, "योगिनी, सगळ्यांना चहा टाक ना."

ती पाहुण्यांमध्ये खुर्ची ओढून बसली.

 

"ओटा तुझ्या मापाचा आहे रे, तूच टाक. माझ्यात साखर कमी."