चिखलातले हात

कोळंबीच्या तळ्यांसाठी खारफुटी तोडू देईना, म्हणून मुकादम ओस्वाल्दोने एलादियाच्या पोराला कोयत्याने मारून तिथल्याच चिखलात पुरलं. "शोधू नकोस गं मावशी, चिखलाने केव्हाच खाल्ला त्याला," असं वर तोंडावर म्हणायचा.

मग कार्बन मोजणाऱ्या बाई आल्या. चिखलातून काढलेलं शेकडो वर्षांचं पान दाखवत म्हणाल्या, "खाली हवाच नाही, कुजणार कसं? म्हणून तर कार्बन आभाळात जात नाही."

एलादिया तडक उठली. तिच्यामागून आम्ही शिंपल्या वेचणाऱ्या सगळ्याजणी खांद्यापर्यंत हात घालून चिखल चाचपू लागलो.

"चाचपा, लिंबू पिळून सेविचे करण्यापुरत्या शिंपल्या तरी मिळतील!" बांधावरून ओस्वाल्दो खिदळत होता. आम्ही खाडीच्या वळणाकडे सरकलो, तशी त्याने एलादियावर गोळी झाडली. नेम चुकला.



जागा मात्र त्यानेच दाखवली.