साडेपाचचा ललत

"अप्पा, पहाटे साडेपाचला ऐकतंय कोण? संध्याकाळी सातला टाका," मुलगी मृण्मयी पुन्हा म्हणाली.

"अगं, ललत पहाटेचा राग. तो दिवेलागणीला ऐकवू?"

अप्पा वर्षभर रोज पहाटे व्हायोलिनवर ललत वाजवून लगेच आपल्या चॅनेलवर टाकत होते. ऐकणारे मोजून तीस. यंत्राने तयार केलेल्या पहाटेच्या सुरावटींना मात्र लाखो लोक. अप्पांनी त्यातली एक शेवटपर्यंत ऐकली. "सुरात आहे गं," ते हळूच म्हणाले, आणि दोन दिवस त्यांचा हात नीट चालला नाही.

शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. आठवडाभर तुझ्या वेळेला टाकू. तरी कोणी आलं नाही, तर चॅनेल बंद."

सोमवारी त्यांनी पहाटेच वाजवलं, पण रेकॉर्डिंग संध्याकाळसाठी राखून ठेवलं. सकाळी सहा वाजताच फोन थरथरू लागला. मृण्मयी वाचत गेली. रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या एका नर्सने विचारलं होतं, "अप्पा, तब्येत बरी आहे ना?" कुणी लिहिलं होतं, "चहा ठेवायचा थांबलोय." कागलहून निरोप होता, "आज वाजिवलं न्हाई व्हय? म्हशी पान्हवंनात बघा."

तीसपैकी बावीस जणांनी चौकशी केली होती. अप्पा चष्मा पुसत बसले.

मृण्मयीने खिडकीबाहेर पाहिलं. "अजून पुरतं उजाडलं नाही, अप्पा," ती म्हणाली, आणि तिनेच तो ललत चॅनेलवर टाकला.