एन्ट्रॉपीचा तास

चाकणजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात भोईटे सर एन्ट्रॉपी शिकवत होते आणि तिसऱ्या बाकावर गणराजची बोटं मोबाईलवर चालली होती. कंपनीत भट्टीवर रात्रपाळी करून येणारा मुलगा, म्हणून सर इतके दिवस काणाडोळा करत आले होते. आज मात्र त्यांनी मोबाईल काढून घेतला आणि चांगली खोड मोडावी म्हणून त्यावरचं सगळ्या वर्गाला मोठ्यांदा वाचून दाखवायला सुरुवात केली.

गणराजने एआयला विचारलं होतं, ‘सर एन्ट्रॉपी शिकवतायत. काहीच झेपेना. मी भट्टीवर काम करतो, मला समजेल असं सांग.’

वर्ग हसला. सरही हसले आणि खालचं उत्तर त्यांनी त्याच सुरात वाचलं. ‘भट्टीतून काढलेला लालभडक लोखंडी जॉब गार होतो, तेव्हा त्याची उष्णता नाहीशी होत नाही, शेडभर पसरते. पण पसरलेल्या उष्णतेवर साधा चहासुद्धा उकळत नाही. उष्णता तेवढीच राहिली, तिची कामाची ताकद गेली. म्हणजे एन्ट्रॉपी वाढली.’

हसू थांबलं. मुलं भराभर वहीत लिहून घेऊ लागली.

“पुन्हा वाचतो,” सर म्हणाले.

“राहू द्या सर, कळलं सगळ्यांना,” गणराज म्हणाला.

“मागच्यांना ऐकू आलं नसेल,” असं म्हणत सरांनी ते सावकाश, शब्द न् शब्द पुन्हा वाचलं. एकोणीस वर्षं ते एन्ट्रॉपी शिकवत होते. त्यांना ती समजली आज, दुसऱ्या वाचनात.