भिंगासमोर दोघी

खुर्ची एकच होती आणि ती भिकुबाईने आधीच पटकावली होती. धाकलीच्या, म्हणजे तिच्या सवतीच्या, कमलबाईच्या वाट्याला बाजूचं, जरा मागे ठेवलेलं स्टूल आलं. तेही एका पायाने आखूड. धुळ्याच्या छगनभाऊ फोटोग्राफरने चांगलं स्टूल पुढे केलं होतं. पण भिकुबाईने त्यावर फुलदाणी ठेवायला लावली आणि हे डुगडुगतं कोपऱ्यातून स्वतः ओढून आणलं.

नवरा लोटन कॅमेऱ्याशेजारी उभा होता. तिघांनी मिळून फोटो काढला की तिघांतलं एक लवकर जातं, अशी त्यांच्या गावात सगळ्यांची समजूत. म्हणून दोन बायकांच्या या धन्याने फोटोत बसायचंच टाळलं. सामना दोघींतच उरला.

मूल होईना तेव्हा भिकुबाईनेच धाकलीला पसंत करून घरात आणलं होतं, आणि त्या दिवसापासून ती जळत होती. पाहुणे आले की सगळ्यांचे डोळे धाकलीवर. थोरली आपली चुलीपाशी भाकरी थापतेय. फोटो मात्र ओसरीत कायमचा लागणार होता. तिथे तरी लोकांनी आधी आपल्याला पाहावं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी घरातलं होतं नव्हतं ते सगळं सोनं तिने अंगावर चढवलं होतं, धाकलीची पुतळ्यांची माळसुद्धा.

"दोघी असल्या की बघणाऱ्याची नजर आधी पुढचीवर जाते," असं खुर्ची लावताना छगनभाऊ बोलून गेला होता. आता तो म्हणाला, "झाकण काढलं की भिंगाकडे बघायचं आणि अजिबात हलायचं नाही. जी हलेल, तिचा चेहरा पुसला जाईल."

हे ऐकून भिकुबाईला मनातून उकळ्या फुटल्या. स्टुलाचा आखूड पाय आता कामाला येणार! छगनभाऊ काळ्या कापडात शिरला, बाहेर आला, हातातल्या घड्याळाकडे बघत त्याने झाकणाला हात घातला. धाकली डुलतेय की नाही? भिकुबाईला राहवेना. तिने वळून पाहिलं.

"हां, आता तसंच!" छगनभाऊने झाकण काढलं.

भिकुबाई फसली. मान परत वळवावी तर स्वतःचाच चेहरा पुसला जायचा. ती तशीच बसली, धाकलीकडे बघत, श्वास रोखून. धाकली मात्र दोन्ही पाय जमिनीला रोवून ताठ बसली होती. ती तसूभरही हलली नाही.

फोटो घरी आला तेव्हा भिकुबाईचा जीव भांड्यात पडला. चेहरा स्वच्छ, खुर्ची पुढे, माळेतली पुतळी न् पुतळी दिसतेय. ओसरीत खिळा ठोकून तसबीर तिनेच टांगली.

पण जो येई तो तसबिरीपुढे थांबून धाकलीच्याच रूपाचं कौतुक करी, "धाकली काय दिखी ऱ्हायनी!" पाहुणे म्हणाले, गडी म्हणाले, भिकुबाईचा सख्खा भाऊही म्हणाला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटी शेजारची तानुबाईही तेच बोलली, तेव्हा भिकुबाईने तिचा दंडच धरला.

"पुढे मी बठेल शे. सोनं मन्हा आंगवर शे. तुम्हले कोनलेच मी दिखस नही का?"

तानुबाईने तसबीर पुन्हा एकदा नीट निरखली.

"दिखस ना, अक्का. पहिले तूच दिखस. पन तूच तिनाकडे इतली टक लाईसन देखी ऱ्हायनी, मंग आम्ही दुसरं कोनले देखसूत?"