ओटीचा नारळ

आईने वृंदाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि ओटीचं ताट पुढे घेतलं. दुपारच्या एसटीने तिला सासरी परत जायचं होतं.

"संसारात भांड्याला भांडं लागायचंच गं," आई म्हणाली. वृंदाने पदर पसरला, तशा बांगड्या मागे सरकल्या. मनगटावर कुणाची तरी बोटं काळीनिळी उमटली होती. आईने नजर तांदळांकडे वळवली.

नवरा गेल्यावरच कायमची माहेरी येऊ शकलेली आत्या दाराशी शेंगा सोलत होती. ती उठली. "वहिनी, माझीही ओटी याच पाटावर भरायचात. माझं मनगट कुणीच बघितलं नाही."

"वन्सं, लोक काय म्हणतील?"

आत्याने ताटातला नारळ उचलला आणि पायरीवर आपटला. पाणी अंगणभर उडालं. "घ्या. फुटक्या नारळाने ओटी भरत नाहीत. आता पाठवा हिला!"

आईने तांदूळ डब्यात परत ओतले आणि विळी पुढे ओढली.

"ऊठ वृंदा. ती कवड आण इकडे. संध्याकाळच्या आमटीला होईल."