पाटीवरचा बार

पहिलं गिऱ्हाईक आलं आणि बसायच्या आधीच हात धुवायला पाणी मागू लागलं.

"हात कशाला धुतोस? बाटलीच तर धरायचीय," कोजो हसून म्हणाला.

"मग रश्श्यात बुडवून फुफूचे गोळे काय कोपराने खाऊ?" अता ड्रायव्हरने विचारलं.

"फुफू नाही. इथे फक्त प्यायला मिळतं."

अताने बाहेर जाऊन पाटी पुन्हा वाचली. आत डोकावून कोजोकडे बघितलं आणि मान हलवत शेजारी एकुआ मावशीकडे जेवायला निघून गेला.

कोजोची उमर जहाजाच्या इंजिनात गेली होती. परत आल्यावर घेतलेली टॅक्सी विकून त्याने लॉरी स्टँडवर हे दुकान थाटलं होतं. नाही चाललं तर मेहुण्याच्या कोंबड्यांची खुराडी साफ करायची होती. मेहुण्याने त्याच्या मापाचे गमबूटही आणून ठेवले होते.

जागा मावशीची. तिची अट एकच होती, दुकानात खाण्याचं काही ठेवायचं नाही, शेंगदाणासुद्धा नाही. कोजोने आनंदाने मान्य केलं. त्याला अंडंही धड उकडता येत नव्हतं. पाटी रंगवताना रंगाऱ्याने विचारलं होतं, "स्पॉटच लिहू ना?" कोजोने तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली होती, "बार लिही. मोठ्या अक्षरात. पोरगा जग बघून आलाय." कोजोला तेव्हा भरून आलं होतं.

आज मात्र मावशीने त्याच्याकडे वळूनही बघितलं नव्हतं. सकाळपासून ती मातीच्या वाडग्यात मिरची रगडत होती. ठसक्याने कोजोच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पाण्याच्या पिशव्या विकणारी बाई दारात आली, तर मावशीने तिला हाकलून दिलं.

थोड्याच वेळात, भर दुपारी, मयतीला निघालेली एक बस थांबली. काळे-लाल कपडे घातलेली माणसं पाटी बघून थेट कोजोकडे घुसली. खुर्च्या पुरेनात. एका आजीने पदर खोचला.

"बाळा, रस्सा कशाचा आहे? बकऱ्याचा की माशाचा?"

"बिअर आहे, आजी."

"बिअरचा रस्सा?" आजीने शेजारणीकडे बघितलं. "शहरात काय काय खातात बाई."

"रस्सा नाही, आजी! हा बार आहे. प्यायची जागा!"

"इकडे पितात तो स्पॉट. खातात तो चॉप बार. तुझा 'चॉप' लिहायचा राहिला वाटतं?" मागून कुणीतरी म्हणालं. "कुठल्या गावचा रे तू?"

"इथलाच," कोजो म्हणाला.

सगळे पोट धरून हसले आणि ते रिकामं पोट घेऊन मावशीकडे गेले. कोजोच्या दुकानात राहिला फक्त फ्रीजचा आवाज.

आता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो तरातरा मावशीच्या चुलीपाशी गेला.

"तुला माहीत होतं! मुद्दाम चुकीचं लिहायला लावलंस. पाटी माझी आणि गिऱ्हाईक तुझं!"

"ओरडू नकोस. लोक जेवतायत."

"जेवणारच! मी एकेकाला तुझ्याकडेच पाठवतोय. उद्यापासून गमबूट घालून कोंबड्यांची घाण उपसतो, मग झालं ना समाधान?"

मावशीने शांतपणे फुफूचा गोळा वाडग्यात ठेवला, वरून लाल रस्सा ओतला.

"आधी जेव. उपाशी माणसाशी मी भांडत नाही."

रागारागाने कोजोने एक घास गिळला. मग त्याला काही बोलता येईना. कान पेटले. नाकातून, डोळ्यांतून धारा लागल्या. पाण्यासाठी तो चाचपडू लागला. या बाकावर तांब्या नाही, त्या बाकावर नाही. सगळीकडे माणसं जीभ बाहेर काढून हाताने वारा घेत होती. मयतीच्या गाण्यांऐवजी नुसतं 'हाय हाय' चाललं होतं. अता ड्रायव्हर तर कधीचाच उठून पळाला होता. कोजोच्या कुलूप लावलेल्या फ्रीजवर तो दोन्ही हातांनी थापा मारत होता.

"स्टँडवर तीन स्पॉट आहेत, वेड्या," मावशी म्हणाली. "चौथ्यात कोण आलं असतं? आता रडत बसू नकोस, पळ, फ्रीज उघड. मी आज पाणी ठेवलेलंच नाही."