हात मोडला, फोटो छातीचा

विठ्ठलवाडीच्या मीराबाई मोरीत घसरल्या आणि मनगट मोडलं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरीणबाई मात्र त्यांना खोकताना ऐकून खोकल्याचंच विचारत बसल्या. मीराबाईंनी तोंड उघडायच्या आत सून मेघना घडाघडा बोलली, "खोकतात, रात्री घामाने भिजतात, वजनही उतरलंय."

हिला बरं एवढं ठाऊक! सासूला घराबाहेर काढायचा डाव दिसतोय, मीराबाईंच्या मनात आलं.

हाताबरोबर छातीचाही फोटो निघाला, थुंकी तपासली. टीबीच निघाला. वेळेत सापडला म्हणून डॉक्टरीणबाई खूश.

मीराबाईंनी चांगल्या हाताने सुनेचा दंड धरला. "चाळीत कळलं तर याद राख! ताटवाटीसुद्धा वेगळी करतील माझी."



"नाही कळत, आई. मी सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, तुम्हाला तरी कुठं कळलं?"